खेळाच्या वाटेवरचा नाका

व्हिडिओ गेम खेळण्यासाठी टीव्हीला जोडावयाच्या खास यंत्राला ‘कन्सोल’ म्हणतात, आणि त्याचा व्यवसाय इतर घरगुती उपकरणांच्या व्यवसायाहून एका मूलभूत बाबतीत वेगळा आहे. मिक्सर किंवा शिलाई मशीन विकणारा कारखानदार वस्तूच्या किमतीतच आपला नफा धरतो; कन्सोल बनवणारी कंपनी मात्र पुष्कळदा आपले यंत्र उत्पादनखर्चाइतक्या किंवा त्याहूनही कमी किमतीला विकते, आणि त्या यंत्रावर चालणाऱ्या प्रत्येक गेमच्या विक्रीतून, मग तो गेम कोणीही तयार केलेला असो, ठरावीक वाटा घेऊन ती तूट भरून काढते. एपिक गेम्स आणि ॲपल यांच्यातील खटल्यात २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातील न्यायालयासमोर साक्ष देताना मायक्रोसॉफ्टच्या उपाध्यक्ष लोरी राइट यांनी सांगितले होते, की ‘एक्सबॉक्स’ हे यंत्र कंपनीने कधीच नफ्यात विकलेले नाही. कन्सोलवरच्या डिजिटल दुकानातून विकल्या जाणाऱ्या गेमवर कंपनीचा वाटा सर्वसाधारणपणे ३० टक्के असतो. म्हणजे कंपनी आधी पदरमोड करून रस्ता बांधते, लोकांना त्या रस्त्यावर स्वस्तात आणून सोडते आणि मग जाणाऱ्या प्रत्येक गाडीकडून नाक्यावर पथकर घेते.

कन्सोल कंपन्यांच्या स्पर्धेचा इतिहास बहुधा यंत्रांच्या ताकदीचा इतिहास म्हणून लिहिला जातो: कोणाची चित्रे अधिक रेखीव, कोणाचा प्रोसेसर अधिक वेगवान, कोणत्या यंत्राचे किती कोटी नग खपले. ही मोजमापे खोटी नाहीत, परंतु या स्पर्धेने गेम-उद्योगाचे नेमके काय केले हे समजून घ्यावयाचे असेल, तर नाक्यावर उभ्या असलेल्या गाडीवानाकडे, म्हणजे गेम तयार करणाऱ्या आणि प्रकाशित करणाऱ्या लोकांकडे पाहावे लागते. गेल्या चाळीस वर्षांत त्यांना मिळालेल्या बहुतेक सवलती दुसरा नाका उघडला त्या काळात मिळाल्या आहेत, आणि त्यांच्यावरचे बहुतेक जाच एकच नाका उरला त्या काळातले आहेत. मात्र नाकेवाल्यांची चढाओढ एका मर्यादेपलीकडे गेली, की तिचाही भार शेवटी याच लोकांच्या खांद्यावर येतो, हेही त्याच इतिहासात दिसते.

प्रारंभी नाकाच नव्हता. १९७७ साली अमेरिकेत आलेल्या अटारी २६०० या यंत्रावर दुसऱ्या कोणी गेम करील, ही कल्पनाच अटारी कंपनीने केलेली नव्हती. आपण केलेल्या गेमवर आपले नाव येत नाही आणि विक्रीचा वाटाही मिळत नाही, म्हणून नाराज झालेल्या चार प्रोग्रॅमरनी १९७९ मध्ये अटारी सोडून ‘ॲक्टिव्हिजन’ स्थापन केली आणि अटारीच्याच यंत्रासाठी गेम विकण्यास सुरुवात केली. अटारी न्यायालयात गेली. १९८२ मध्ये तडजोड झाली आणि बाहेरच्या कंपन्यांचा मार्ग मोकळा झाला. त्यानंतर या धंद्यात पूर्वी पाऊलही न टाकलेल्या कंपन्या घाईघाईने शिरल्या, दुकानांची फळ्यांवरची जागा निकृष्ट गेमनी भरून गेली, ग्राहकांचा विश्वास उडाला आणि १९८३ पासून अमेरिकेतील बाजार कोसळला. सुमारे ३.२ अब्ज डॉलरची वार्षिक उलाढाल १९८५ पर्यंत १० कोटी डॉलरच्या आसपास आली. अटारीने आपली न खपलेली कार्ट्रिजे, म्हणजे गेम साठवलेल्या चिपच्या डब्या, न्यू मेक्सिकोतील आलामोगोर्डो येथील कचरा-भरावात पुरली. २०१४ मध्ये ती उकरूनही काढण्यात आली.

या पडझडीतून निन्टेन्डोने काढलेला धडा पुढच्या सर्व कंपन्यांनी गिरवला. १८८९ साली क्योतोमध्ये हानाफुदा नावाचे खेळण्याचे पत्ते बनवण्यासाठी सुरू झालेल्या या कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये ‘फॅमिकॉम’ हे यंत्र आणले आणि १९८५ च्या शरद ऋतूत त्याचीच बदललेली आवृत्ती ‘एन-ई-एस’ या नावाने न्यूयॉर्क परिसरातील दुकानांत ठेवली. अमेरिकन आवृत्तीत एक छोटी चिप अधिक होती. तशीच जोडीदार चिप प्रत्येक अधिकृत कार्ट्रिजमध्ये असे. दोघींचा ताळमेळ जुळला तरच गेम सुरू होई, अन्यथा यंत्र पुन्हापुन्हा मूळ स्थितीला येत राही. एक कुलूप आणि एक किल्ली, अशी ती योजना होती, आणि किल्ली फक्त निन्टेन्डो बनवत असे. त्यामुळे प्रकाशकांना निन्टेन्डोचा करार स्वीकारण्यावाचून पर्याय उरला नाही. वर्षाला पाचच गेम प्रकाशित करावेत. तोच गेम दोन वर्षे दुसऱ्या कोणत्याही कन्सोलवर देऊ नये. कार्ट्रिजे निन्टेन्डोकडूनच, ठरावीक किमान संख्येत आणि आगाऊ पैसे भरून बनवून घ्यावीत. गेम पडला तर उरलेल्या मालाचे नुकसान प्रकाशकाचे. १९८८ मध्ये चिपांची टंचाई झाली तेव्हा कोणाला किती कार्ट्रिजे मिळावीत हेही निन्टेन्डोच ठरवू लागली. पाच गेमची मर्यादा चुकवण्यासाठी कोनामीसारख्या बड्या कंपनीला ‘अल्ट्रा गेम्स’ हे दुसरे नाव धारण करावे लागले, यावरून या कराराची पकड किती घट्ट होती ते कळते.

या व्यवस्थेला केवळ दडपशाही म्हणणे अन्यायाचे होईल. बाजार नुकताच कचऱ्याखाली गाडला गेला होता. मोजकेच आणि तपासलेले गेम बाजारात येऊ देण्याने ग्राहक परत आला, आणि ग्राहक परत आला म्हणूनच पुढच्या पिढीच्या निर्मात्यांना धंदा उरला. परंतु दर्जाची तपासणी आणि दोन वर्षांची बांधिलकी या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा लाभ खेळणाऱ्याला होता. दुसरीचा लाभ एकट्या निन्टेन्डोला होता, कारण तिच्यामुळे प्रतिस्पर्धी यंत्राला चांगले गेम मिळूच शकत नव्हते.

भारतात, आणि म्हणून महाराष्ट्रातही, १९९० च्या दशकात घरोघरी पोहोचलेले ‘टीव्ही गेम’ हे बहुतांशी फॅमिकॉमच्या नकला होत्या. जपानी फॅमिकॉममध्ये ती कुलपाची चिप नसल्यामुळे त्याच्या नकलांवर कोणतीही कार्ट्रिज चालत असे. मराठी मुलांच्या तोंडी तिचे नाव ‘कॅसेट’ असे होते आणि एका कॅसेटमध्ये शेकडो गेम असल्याचा दावा वेष्टनावर छापलेला असे. ‘मारिओ’ आणि ‘कॉन्ट्रा’ या मुलांना पाठ झाले, पण त्या नकली कॅसेटींचा एकही रुपया त्यांच्या निर्मात्यांपर्यंत गेला नाही, आणि अमेरिका-जपानमध्ये पेटलेल्या स्पर्धेची झळही या बाजाराला लागली नाही.

ती स्पर्धा पेटवली सेगा या टोकियोच्या कंपनीने. तिचे ‘मेगा ड्राइव्ह’ हे १६ बिटांचे यंत्र, म्हणजे एका वेळी निन्टेन्डोच्या जुन्या यंत्राच्या दुप्पट लांबीची माहिती हाताळू शकणारे, ऑक्टोबर १९८८ मध्ये जपानमध्ये आणि पुढच्या वर्षी ‘जेनेसिस’ या नावाने अमेरिकेत आले. सेगाचे अमेरिकेतील प्रमुख टॉम कॅलिन्स्की यांनी १९९१ मध्ये यंत्राची किंमत १४९ डॉलरवर आणली, ‘सॉनिक द हेजहॉग’ हा नवा गेम यंत्रासोबत दिला आणि निन्टेन्डोची थेट तुलना करणाऱ्या जाहिराती चालवल्या, ही हकीकत सुपरिचित आहे. त्याहून महत्त्वाची, पण कमी सांगितली जाणारी घटना आदल्या वर्षी, १९९० मध्ये, घडली होती. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या प्रकाशन संस्थेचे संस्थापक ट्रिप हॉकिन्स यांनी सेगाच्या यंत्राची ‘उलट अभियांत्रिकी’ करवून घेतली होती. तयार वस्तू उलगडून तिची रचना शोधून काढण्याला हे नाव आहे. सेगाच्या परवानगीशिवाय तिच्या यंत्रासाठी गेम काढण्याची तयारी हातात ठेवूनच हॉकिन्स वाटाघाटीला बसले. निन्टेन्डोशी झगडणाऱ्या सेगाला गेमची नितांत गरज होती. तिने बरेच कमी शुल्क मान्य केले आणि कार्ट्रिजे स्वतः बनवण्याचा हक्कही दिला. त्या वर्षी आलेल्या ‘जॉन मॅडन फुटबॉल’ने सेगाचे यंत्र अमेरिकन घरांत नेले आणि इलेक्ट्रॉनिक आर्ट्सला मोठ्या प्रकाशकांच्या रांगेत बसवले. सेगाचा नाका निन्टेन्डोच्या शेजारी उभा नसता, तर हॉकिन्स यांच्या हातातली ती विद्या निव्वळ खटल्याचे कारण ठरली असती.

खटले तसेही झालेच. ‘ॲकोलेड’ नावाच्या कंपनीने सेगाच्या यंत्राची अशीच उकल करून विनापरवाना गेम काढले, तेव्हा सेगाने दावा लावला. खालच्या न्यायालयात सेगाची सरशी झाली. परंतु १९९२ मध्ये अमेरिकेच्या नवव्या विभागीय अपील न्यायालयाने निकाल फिरवला, आणि आपला प्रोग्रॅम एखाद्या यंत्रावर चालावा एवढ्यासाठी, दुसरा मार्ग नसताना, त्या यंत्राच्या प्रोग्रॅमची उकल करणे हा कॉपीराइट कायद्यातील ‘वाजवी वापर’ आहे, असे ठरवले. त्याच वर्षी अटारी गेम्स विरुद्ध निन्टेन्डो या प्रकरणात मात्र अटारी गेम्स हरली, कारण तिने कुलूप-चिपेचा प्रोग्रॅम स्वतः उलगडण्यावर न थांबता सरकारी कॉपीराइट कार्यालयातून त्याची प्रत खोट्या कारणाने मिळवली होती. या दोन निकालांनी सचोटीने केलेली उकल आणि लबाडीने मिळवलेली नक्कल यांच्यात जी रेघ ओढली, ती संगणक-व्यवसायाला आजही उपयोगी पडते. कन्सोलच्या स्पर्धेने गेमच्या बाहेरच्या जगाला दिलेली ही देणगी फारशी आठवली जात नाही.

नाके दोन झाले की मालाच्या तपासणीचे नियमही दोन होतात. १९९३ मध्ये ‘मॉर्टल कॉम्बॅट’ हा मारामारीचा गेम दोन्ही यंत्रांवर एकाच दिवशी आला. निन्टेन्डोने रक्ताचा रंग बदलून करडा घाम करायला लावला, सेगाने एका सांकेतिक क्रमाने बटणे दाबल्यास रक्त दिसण्याची सोय राहू दिली, आणि सेगाची आवृत्ती अधिक खपली. डिसेंबर १९९३ मध्ये अमेरिकन सिनेटमध्ये जोसेफ लीबरमन आणि हर्ब कोल यांच्या पुढाकाराने सुनावणी झाली, आणि सरकारी कायदा टाळण्यासाठी उद्योगाने १९९४ मध्ये गेमवर वयोगट छापणारी स्वतःची संस्था उभी केली.

तिसरा नाका निन्टेन्डोच्या स्वतःच्या निर्णयातून जन्मला. निन्टेन्डोच्या १६ बिटांच्या यंत्राची ध्वनी-चिप सोनीतील केन कुतारागी या अभियंत्याने तयार केली होती आणि त्याच यंत्राला कॉम्पॅक्ट डिस्क, म्हणजे सीडी, वाचणारी जोड देण्याचा करारही दोन्ही कंपन्यांत झाला होता. सीडीवर येणाऱ्या गेमच्या परवान्यांचे नियंत्रण त्या कराराने सोनीकडे जाणार होते. नाकाच दुसऱ्याच्या हाती जाणार, हे निन्टेन्डोचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांना मान्य होणे शक्य नव्हते. जून १९९१ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात सोनीने ‘प्ले स्टेशन’ची घोषणा केली आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेन्डोने आपण फिलिप्सबरोबर काम करणार असल्याचे जाहीर केले. या जाहीर मानहानीनंतर सोनीचे अध्यक्ष नोरिओ ओगा यांनी कुतारागी यांच्या पाठीशी उभे राहून स्वतंत्र यंत्राला मान्यता दिली. ३ डिसेंबर १९९४ रोजी जपानमध्ये ३९,८०० येन किमतीचे प्लेस्टेशन विक्रीस आले.

प्लेस्टेशनच्या यशाचे श्रेय त्याच्या त्रिमित चित्रांना दिले जाते. ते श्रेय रास्त आहे, पण त्याच्या जोडीला सीडीचे अर्थशास्त्र ठेवल्याशिवाय प्रकाशकांची धाव समजत नाही. कार्ट्रिज महाग, तिची मागणी काही महिने आधी नोंदवावी लागे, आणि अंदाज चुकला तर एकतर माल पडून राही किंवा मागणी असताना संपून जाई. सीडी अत्यल्प खर्चात छापता येई आणि संगीत-प्रकाशनाचा अनुभव असलेल्या सोनीला नव्या प्रती थोड्या दिवसांत दुकानात पोहोचवता येत. धोका कमी झाला की धाडस वाढते. जे गेम निन्टेन्डोच्या व्यवस्थेत छापण्याची हिंमत कोणी केली नसती, ते या काळात शेकड्यांनी आले, आणि लहान चमूंच्या विक्षिप्त प्रयोगांना दुकानात जागा मिळाली. निन्टेन्डोने १९९६ च्या ‘निन्टेन्डो ६४’साठीही कार्ट्रिजच ठेवली, जिची कमाल क्षमता ६४ मेगाबाइट होती, तर एका सीडीची क्षमता सुमारे ६५० मेगाबाइट. तोवर निन्टेन्डोशी एकनिष्ठ असलेल्या स्क्वेअर कंपनीने आपला ‘फायनल फँटसी ७’ तीन सीडींवर बसवून जानेवारी १९९७ मध्ये प्लेस्टेशनवर प्रकाशित केला. एका माध्यमाच्या निवडीने एका कंपनीचे मोठे निर्माते दुसरीकडे नेले, असे इतके स्वच्छ उदाहरण या इतिहासात दुसरे नाही.

चढाओढीची घाई निर्मात्यांना कशी भोवते याचा नमुनाही त्याच काळातला आहे. मे १९९५ मध्ये लॉस एंजेलिस येथील पहिल्या ई-थ्री प्रदर्शनात सेगाने आपले ‘सॅटर्न’ हे यंत्र, जे सप्टेंबरमध्ये येणार होते, ३९९ डॉलरला त्याच दिवशी काही निवडक दुकानांत उपलब्ध असल्याचे सांगितले. सोनीच्या वतीने व्यासपीठावर आलेल्या स्टीव्ह रेस यांनी केवळ ‘टू नाइन्टी-नाइन’, म्हणजे २९९, एवढाच आकडा उच्चारला आणि ते खाली उतरले. तो क्षण पुन्हापुन्हा सांगितला जातो. पण सप्टेंबरची तारीख धरून काम करणाऱ्या बाहेरच्या निर्मात्यांचे गेम त्या दिवशी तयारच नव्हते, ही बाब अधिक गंभीर होती. यंत्र फळीवर आले, त्यासाठी खेळायला फारसे काही नव्हते, आणि वगळले गेलेले दुकानदार दुखावले ते वेगळेच. सेगाचे पुढचे यंत्र ‘ड्रीमकास्ट’ गुणांनी सरस असूनही इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने, ज्या कंपनीने दशकापूर्वी सेगाला वर उचलले होते तिने, त्यासाठी एकही गेम केला नाही. जानेवारी २००१ च्या अखेरीस सेगाने कन्सोल बनवणे थांबवत असल्याचे जाहीर केले आणि त्याच वर्षाच्या शेवटी सॉनिक निन्टेन्डोच्या ‘गेमक्यूब’वर धावू लागला.

सेगाची रिकामी झालेली जागा नोव्हेंबर २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतली. पुढच्या दशकातील लढायांचा तपशील बराच असला, तरी निर्मात्यांच्या दृष्टीने त्यातील एकच धागा महत्त्वाचा आहे. सोनीने २००६ च्या प्लेस्टेशन ३ साठी आयबीएम आणि तोशिबा यांच्यासह ‘सेल’ नावाचा अगदी वेगळ्या रचनेचा प्रोसेसर घडवला. त्यावर काम करणे इतके अवघड होते, की सर्व यंत्रांसाठी निघणारे गेम पुष्कळदा आधी आलेल्या एक्सबॉक्स ३६० वर अधिक सफाईने चालत. तोटा सोसून, निर्मात्यांचा वेळ खर्ची घालून मिळवलेली यंत्राची ही असाधारणता कोणाच्याच उपयोगी पडली नाही. २०१३ मध्ये सोनी आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांनीही एएमडी या एकाच कंपनीकडून, साध्या संगणकाशी नाते सांगणारे, जवळजवळ एकाच कुळीचे प्रोसेसर घेतले. निर्मात्यांना यामुळे मोठा दिलासा मिळाला. निन्टेन्डो तोवर या शर्यतीतून बाजूला होऊन, २००६ च्या ‘वी’पासून, कमी ताकदीच्या पण निराळ्या तऱ्हेने खेळावयाच्या यंत्रांची आपली पायवाट चालू लागली होती.

ग्राहकाला स्पर्धेचा थेट लाभ झाल्याचा ठळक प्रसंग त्याच २०१३ सालचा आहे. एक्सबॉक्स वन या नव्या यंत्राची ठरावीक काळाने इंटरनेटवर तपासणी होईल आणि वापरलेल्या डिस्का विकण्या-देण्यावर बंधने असतील, असे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले. सोनीने आपली डिस्क मित्राला कशी द्यावी हे दाखवणारी काही सेकंदांची चित्रफीत प्रसिद्ध केली, ज्यात एकजण दुसऱ्याच्या हातात डिस्क ठेवतो आणि विषय संपतो. शिवाय सोनीचे यंत्र १०० डॉलरने स्वस्त होते. थोड्याच दिवसांत, १९ जून रोजी, मायक्रोसॉफ्टने ती बंधने मागे घेतली. पर्यायी यंत्र नसते तर ग्राहकांच्या संतापाला एवढ्या लवकर फळ आले असते, असे मानण्याला आधार नाही.

यंत्रे सारखी झाल्यावर फरक दाखवायचा कशात, हा प्रश्न उरला, आणि त्याचे उत्तर दोन्ही कंपन्यांनी एकच दिले: आपल्याच यंत्रावर मिळणारे, दुसरीकडे न मिळणारे गेम. व्यवसायात त्यांना ‘एक्सक्लुसिव्ह’ म्हणतात. असा गेम बहुधा कंपनीच्या मालकीच्या स्टुडिओत होतो आणि त्याने स्वतःचा खर्च भरून काढण्यापेक्षा यंत्राकडे माणसे ओढावीत ही अपेक्षा मोठी असते, त्यामुळे त्यावर किती खर्च करावा याला स्वाभाविक मर्यादा राहत नाही. हे आकडे एरवी गुप्त असतात. जून २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील न्यायालयात सोनीने दाखल केलेल्या कागदांवर काळ्या शाईने खोडलेला मजकूर स्कॅनमध्ये वाचता आला, म्हणून जगाला कळले, की ‘द लास्ट ऑफ अस : पार्ट २’ला सुमारे २२ कोटी डॉलर आणि ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’ला सुमारे २१.२ कोटी डॉलर खर्च आला होता. पहिल्यावर ऐन भरात सुमारे २०० आणि दुसऱ्यावर ३०० हून अधिक माणसे कामाला होती. असा एक गेम पडला, तर त्याच्या निर्मात्यांना दुसरी संधी मिळण्याची शक्यता किती, हे या आकड्यांतच लिहिलेले आहे. सोनीचाच ‘कॉनकॉर्ड’ २३ ऑगस्ट २०२४ रोजी आला, दोन आठवड्यांत, ६ सप्टेंबरला, मागे घेतला गेला आणि ऑक्टोबरमध्ये तो बनवणारा फायरवॉक स्टुडिओ बंद झाला.

ज्या खटल्यात ते कागद दाखल झाले, तो मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड खरेदीविषयीचा होता. जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झालेला हा ६८.७ अब्ज डॉलरचा सौदा रोखण्यासाठी अमेरिकेचा व्यापार आयोग न्यायालयात गेला. जुलै २०२३ मध्ये न्यायाधीश जॅकलिन स्कॉट कॉर्ली यांनी मनाई नाकारली, ब्रिटनच्या स्पर्धा प्राधिकरणाने आधी नकार देऊन नंतर क्लाउडवरील, म्हणजे इंटरनेटवरून थेट गेम खेळू देण्याचे, हक्क युबिसॉफ्ट या प्रकाशकाला देण्याच्या अटीवर होकार दिला आणि १३ ऑक्टोबर २०२३ रोजी सौदा पूर्ण झाला. अटारीच्या नाक्याला वळसा घालण्यासाठी १९७९ मध्ये चार कर्मचाऱ्यांनी काढलेली कंपनी अशा रीतीने एका नाकेवाल्याच्या मालकीची झाली. या साऱ्या सुनावण्यांत ‘कॉल ऑफ ड्यूटी’ हा गेम प्लेस्टेशनवर मिळत राहील की नाही, यावर सर्वाधिक खल झाला, आणि सोनीला दहा वर्षांचे वचन मिळाल्यावर तो प्रश्न सुटल्याचे मानले गेले. या कंपन्यांत काम करणाऱ्यांचे पुढे काय होणार, ही चिंता त्या युक्तिवादात दुय्यम राहिली. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या गेम-विभागातून १,९०० माणसे कमी केली. फेब्रुवारीत सोनीने सुमारे ९०० कमी केली आणि लंडनचा स्टुडिओ बंद करण्याचे ठरवले. मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने टोकियोचा टँगो गेमवर्क्स बंद केला, ज्याच्या ‘हाय-फाय रश’चे समीक्षकांनी आणि खेळाडूंनी सारखेच कौतुक केले होते. ऑगस्टमध्ये कोरियाच्या क्राफ्टन कंपनीने तो स्टुडिओ वाचवला. चांगले काम केल्यानंतरही दार बंद होत असेल, तर त्या व्यवसायात चांगल्या कामाची प्रेरणा कशावर टिकावी, याचे उत्तर या कंपन्यांनी दिलेले नाही, आणि ते त्यांच्याकडून मागितले गेले पाहिजे.

लहान निर्मात्यांचा अनुभव काहीसा निराळा आहे, आणि येथे या विषयाचा महाराष्ट्राशी खरा संबंध येतो. भारतीय गेम कन्सोलवर आणण्याचा प्रयत्न सोनीने २००९ मध्ये हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजकडून करवून घेतलेल्या ‘हनुमान : बॉय वॉरियर’ने केला होता, पण तो प्लेस्टेशन २ च्या उतरत्या काळात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने ‘राजी : ॲन एन्शन्ट एपिक’साठी लोकवर्गणीची मोहीम काढली, ती २०१७ मध्ये उद्दिष्टापर्यंत पोहोचू शकली नाही. तरी काम थांबले नाही. राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधणारी राजी, दुर्गा आणि विष्णू यांचे निवेदन, राजस्थानी वास्तुशैलीतले महाल आणि छायाबाहुल्यांच्या धर्तीवरचे कथाप्रसंग असलेला हा गेम १८ ऑगस्ट २०२० रोजी प्रथम निन्टेन्डो स्विचवर आला; प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि संगणकांवर तो १५ ऑक्टोबरला पोहोचला. दोन महिन्यांचा हा फरक म्हणजे ‘मुदतीपुरता एक्सक्लुसिव्ह’: निन्टेन्डोने आपल्या जगभर पाहिल्या जाणाऱ्या कार्यक्रमात या गेमला स्थान दिले, आणि अनोळखी संस्थेला जी जाहिरात विकत घेणे शक्य नव्हते ती तिला लाभली. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये नवोदितांच्या गटात त्याला नामांकन मिळाले. ज्या स्विचवर राजी प्रथम अवतरली, त्याची भारतात अधिकृत विक्री तेव्हा नव्हती, त्यामुळे पुण्यात घडलेला गेम पुणेकरांआधी परदेशांत खेळला गेला. सोनीने २०२३ मध्ये भारतीय निर्मात्यांसाठी ‘इंडिया हीरो प्रोजेक्ट’ जाहीर केला, तो या प्रदेशातील निर्मात्यांना आपल्या नाक्याकडे वळवण्याचाच प्रयत्न आहे, आणि स्पर्धा असेतोवर त्याचे स्वागतच करावे लागेल.

ती किती काळ असेल, हा मात्र आता खराखुरा प्रश्न आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले चार गेम इतर यंत्रांवर नेण्याचे जाहीर केले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘हेलो’ हा गेम, ज्याच्या जोरावर २००१ मध्ये एक्सबॉक्स उभा राहिला, प्लेस्टेशनवर येणार असल्याची घोषणा झाली. सॉनिक निन्टेन्डोकडे गेला तेव्हा एका कंपनीने कन्सोल सोडले होते. मायक्रोसॉफ्टने मात्र आपण यंत्रे बनवत राहू असे म्हटले आहे. दरम्यान पूर्वी काळाबरोबर उतरणाऱ्या यंत्रांच्या किमती आता चढू लागल्या आहेत: २०२५ मध्ये अमेरिकेत एक्सबॉक्सची किंमत दोनदा आणि प्लेस्टेशन ५ ची एकदा वाढली.

आणि नाक्याची जागाही बदलली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये ७०० डॉलरला आलेल्या प्लेस्टेशन ५ प्रोमध्ये डिस्क घालण्याची सोय नाही. ती वेगळी विकत घ्यावी लागते, आणि जो घेत नाही त्याला सोनीच्या डिजिटल दुकानातूनच गेम विकत घ्यावे लागतात. ५ जून २०२५ रोजी आलेल्या निन्टेन्डो स्विच २ साठी अनेक बाहेरच्या प्रकाशकांनी ‘गेम-की कार्ड’ निवडले आहे. कार्ट्रिजसारख्या दिसणाऱ्या या कार्डावर गेम नसतो, किल्ली असते: ते यंत्रात घातल्यावर गेम निन्टेन्डोच्या सर्व्हरवरून उतरवून घ्यावा लागतो, आणि खेळताना कार्ड आत ठेवावे लागते. मोठ्या क्षमतेची कार्ट्रिज महाग पडते, म्हणून प्रकाशक हा मार्ग पत्करतात. २७ मार्च २०२३ रोजी निन्टेन्डोने आपल्या ‘वी यू’ आणि ‘थ्री-डी-एस’ या यंत्रांची डिजिटल दुकाने बंद केली, तेव्हा केवळ तेथेच मिळणारे अनेक छोटे गेम नव्याने विकत घेण्याची वाट त्या दिवशी संपली; त्यांच्या निर्मात्यांपैकी ज्यांना आपला गेम दुसऱ्या यंत्रासाठी पुन्हा बांधण्याइतके पैसे उभे करता आले नाहीत, त्यांचे काम आज कोणत्याच दुकानात मिळत नाही.